पाँपेईच्या दारात १४० युरो

गेल्या वर्षी क्रूझवरून नेपल्सला उतरलो, तो महिन्याचा पहिला रविवार होता. हा वार लक्षात ठेवा, सगळी गोम त्यातच आहे.

आम्ही चौघं: मी, बायको, मेव्हणी आणि साडू. जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं, संध्याकाळी साडेपाचला परत चढायचं. पाँपेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर. जहाजवाल्यांची तिथली सहल महाग वाटली म्हणून आपले आपणच निघालो. बेत माझाच. आधी पाँपेई, आणि परतताना नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातली ‘पाँपेईची लक्ष्मी’. १९३८ साली पाँपेईतल्या एका घरात सापडलेली ही वीतभर हस्तिदंती मूर्ती भारतातून गेलेली. तशाच मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्यात. (ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं अभ्यासक म्हणतात. मला आपली लक्ष्मीच.) साडू मूळचे जालन्याचे, भोकरदनचं नाव ऐकून त्यांना भलताच हुरूप आला होता.

सर्कमव्हेसुव्हियाना नावाची लोकल आहे, तिने चाळीसेक मिनिटं उभ्याने गेलो. पाकीटमारांच्या धाकाने पाऊच पोटाशी घट्ट. पाऊच सुखरूप राहिला. पैसे आम्ही स्वतःच्या हातांनी काढून दिले.

स्टेशनाबाहेर पडलो तर समोर एक टपरीवजा खिडकी, वर माहिती केंद्राची पाटी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला हसरा माणूस. पहिला प्रश्न, “जहाजावरून आलात? परत कधी चढायचंय?” मी भाबडेपणाने वेळ सांगून टाकली. तिथेच मेलो. त्याचा चेहरा एकदम काळजीचा झाला. आज तुफान गर्दी, रांग दोन तासांची, शिवाय दिवसाला फक्त २०,००० लोकांनाच आत सोडतात. यातली मर्यादा खरी आहे, नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेली. मी ती घरीच वाचली होती, त्यामुळे बाकीचंही खरंच वाटलं. “माझ्याकडे तिकीट, गाइड, सगळं एकत्र. रांग नाही. माणशी ३५ युरो.” दिले १४० युरो, रोख. पावतीच्या जागी छातीवर एकेक हिरवा स्टिकर.

मग ‘ग्रूप भरेपर्यंत’ पाऊण तास छत्रीखाली बसवून ठेवलं. गाइड घेऊन निघाली, तर पोर्ता मरीना हे प्रवेशद्वार तिथून दोन मिनिटांवर! तिथे रांगेत सगळ्यांसारखेच आम्ही उभे. गाइडने खिडकीवर आमची नावं सांगून तिकिटं आणली. किंमत छापलेली, ०.०० युरो. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत आणि अशा स्थळी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो.

गाइडने फोरम म्हणजे शहराचा मुख्य चौक दाखवला, मागचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी दाखवला, एका बेकरीतली दगडी जाती दाखवली आणि तासाभरात टाटा केला. परतताना त्या माणसाला गाठलं. तो शांतच. “तिकीट फुकटच आहे की! तुम्ही पैसे गाइडचे दिलेत.” पावती नाही, काय भांडणार? पोलिसांकडे जावं तर जहाज चुकेल, हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं.

या सगळ्यात संग्रहालय राहिलंच. गाडीत बायको म्हणाली, “हातातली लक्ष्मी गेली, आणि बघायची लक्ष्मीही राहिली.” साडू रात्री जेवतानाही माझ्याशी बोलले नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर स्टेशनाबाहेर कुणी काहीही म्हणो, थेट पोर्ता मरीनाची खिडकी गाठा. पाँपेईचं तिकीट आता नावावर निघतं, तेव्हा नाव न विचारता पैसे घेणारा तिकीट विकतच नसतो. आणि जहाजाची वेळ कुणालाही सांगू नका. पुढे मार्सेलला एकाने तोच प्रश्न विचारला, तर साडू म्हणाले, “आम्ही इथेच राहतो.” अंगात क्रूझवाल्यांनी दिलेला टी-शर्ट होता.