ग्रंथीचा अर्क की बाटलीतलं हार्मोन? बीज काढायला मी काय वापरतो

मृग बरसला की आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या बोडीवाल्यांचा, म्हणजे छोट्या तळ्यात मासे पाळणाऱ्यांचा, एकच प्रश्न असतो, बीज म्हणजे माशांची पिल्लं काढायची तर रोहू-मृगळाच्या मादीला अंडी सोडायला लावण्यासाठी माशाच्या डोक्यातून काढलेल्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचावा की बाटलीत तयार मिळते ते हार्मोन. मी तीन पावसाळे ग्रंथीवर काढले, मग बाटलीवर आलो, म्हणून सांगतो.

ग्रंथीला कमी लेखू नका भाऊ. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी याच अर्कावर कार्पची, म्हणजे रोहू-मृगळाच्या जातीच्या माशांची, अंडी घेतली, त्याआधी सगळी भिस्त नदीतल्या बीजावर होती, आजही १० जुलैला मत्स्य शेतकरी दिन असतो तो त्यामुळेच. मासे कापणाऱ्याकडून डोकी मिळत असली तर खर्च फारसा नाही.

फरक काय, तर अर्कात अंडाशयाला जागं करणारं हार्मोन आयतंच असते. बाटलीत ते नसतेच, तिच्यात मेंदू ग्रंथीला जो निरोप धाडतो त्याची नक्कल असते अन् सोबत डोम्पेरिडोन, काहून म्हणाल तर मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन त्या ग्रंथीला आवरून धरते, डोम्पेरिडोन तो ब्रेक सोडवते अन् मादीची स्वतःचीच ग्रंथी कामाला लागते. पुढचं दोन्हीकडं सारखंच, अंड्याभोवतीच्या पेशी एक स्टेरॉइड बनवतात, ते अंड्याच्या पडद्याला लागलं की आत अडून असलेलं काम सुरू होते, केंद्रक कडेला सरकून विरघळते अन् अंडं पक्कं होते.

मला त्रास झाला तो दुसऱ्या डोसचा. ग्रंथीचा पहिला डोस संध्याकाळी सहाला दिला की दुसरा सहा तासांनी, म्हणजे बरोबर मध्यरात्री. एका रात्री धो-धो पाऊस, लाईट गेलेली, पोट्ट्यानं बॅटरी धरली अन् मी हाप्यातून, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीतून, तीनेक किलोची रोहू परत उचलली, तिनं असा झटका दिला की माझ्या तळहाताला तिचे खवले चिकटून राहिले. सकाळी अंडी नाहीत अन् मादी उलटी तरंगत होती. वर्षभर जपलेली मादी होती बाप्पा, ती काही डोळ्यापुढून जात नाही. त्यात ग्रंथी पिकलेल्या माशाची आहे की कच्च्या, तेही दरवेळी कळत नव्हतं, मग डोसचा अंदाज चुकायचा.

बाटलीचं इंजेक्शन संध्याकाळी एकदाच, नर-मादी दोघांना, अन् मग हाप्याला हात लावायचा नाही. पहाटे कपभर अंडी उचलून उजेडात धरली तर भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली, काचेसारखी दिसतात, फळली नाहीत ती पांढरी पडतात. हे फुगणं कोणत्याच इंजेक्शनचं नाही बरं का, अंडं पाण्यात पडलं की त्यात कॅल्शियमची लाट उठते, पडद्याखालच्या पिशव्या फुटतात अन् वरचं कवच पाणी ओढून अंड्यापासून सुटते. आमच्याकडच्या पाण्यात साधारण १५ ते १८ तासांत जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली बारीक पिल्लं, बाहेर येते.

बाटली महाग पडते हे खरं. दोन-चारच माद्या असतील, रात्री जागणारा हुशार गडी असेल तर ग्रंथीवरही निभेल, माझ्याहून चांगलं बीज त्यावर काढणारे ढिवर भाऊ मी पाहिले आहेत. अन् मादीचं पोट दाबून मऊ लागत नसेल तर दोन्हीतलं काहीच टोचू नका, अंड्यात बलक भरलाच नसेल तर निरोप जाऊन करणार काय. पण पोट मऊ लागलं, ढग भरून आले, तर मी तरी बाटलीच काढतो.