शेतावरून थेट येणारी भाजीची पेटी: एका वर्गणीदाराचा अभिप्राय

हंगामाचे सगळे पैसे आधी भरायचे आणि मग शेतात जे पिकेल ते दर आठवड्याला पेटीतून घ्यायचं, अशी या सेवेची रीत. निवडीला वाव नाही. पाऊस बिघडला तर पेटी हलकी येते आणि पैसे परत मिळत नाहीत. हे ज्यांना झेपणार नाही त्यांनी पुढे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

पालेभाजी पहिल्या प्रतीची. पहाटे उपटलेली, मुळांसकट, मुळांना ओली माती. धुऊन देत नाहीत ते बरंच; ओला पाला लवकर सडतो. पानांना बारीक भोकं असतात, त्याचं मला काही वाटत नाही. गाजरं मात्र दोन-दोन पायांची. वाढताना दगड किंवा घट्ट थर लागला की मूळ फाटतं. चवीला तीच, सोलताना तेवढा जीव जातो. असला माल एरवी प्रतवारीत बाजूला पडून शेतकऱ्याच्या गळ्यात येतो. इथे तो माझ्या गळ्यात आला, एवढंच.

पेटीतली चिठ्ठी मी भाजीच्या आधी वाचते. एकदा तिच्यात लिहिलं होतं की एका तुकड्यात या हंगामात भाजी नाही, ताग पेरलाय, फुलावर आला की खत म्हणून जमिनीत गाडणार. वर्गणीदारांना शेत बघायला बोलावतात तेव्हा मी मुद्दाम तोच तुकडा दाखवायला सांगितलं. शेतकरीताईंनी एक रोप उपटलं आणि मुळावरची गाठ नखाने फोडली. आत गुलाबी. म्हणजे गाठीतल्या जिवाणूंचं हवेतला नत्र, म्हणजे पिकाचं खाद्य, बांधायचं काम जोरात चालू आहे. त्या तुकड्यातून सबंध हंगामात विकण्याजोगं काहीच निघणार नाही. बी-बियाण्यासाठी उसनवारी करणारा, थोडक्या जमिनीचा माणूस हे करू धजत नाही. त्याला प्रत्येक वाफ्यातून पैसा हवा असतो. आगाऊ वर्गणी असल्यामुळे इथे जमिनीला विसावा मिळतो. माझे पैसे नेमके कशाला लागतात ते मला तिथे कळलं. ताजेपणा वगैरे त्यानंतर.

कल्पना नवी नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात ग्राहक आणि शेतकऱ्यांनी मिळून ‘तेइकेई’ ही अशीच थेट खरेदीची चळवळ उभी केली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी हंगामी हिश्श्यांची पद्धत सुरू केली.

सेंद्रियचा दाखला यांच्याकडे नाही. बाहेरच्या संस्थेकडून तो घ्यायचा तर शुल्क आणि कागदपत्रं लहान शेताला जड जातात, हे मला मान्य आहे. पण मग सहभागी हमीची वाट आहेच: आसपासचे शेतकरी आणि ग्राहक एकमेकांची शेतं तपासतात, निकष सगळ्यांनी मिळून ठरवलेले असतात. त्यात यांनी जावं. फवारणीची वही मागितल्यावर लगेच पुढे केली, हे मात्र सांगायला हवं.

आता तक्रारी. पिकलेले टोमॅटो पालेभाजीला खेटून भरतात. टोमॅटोतून इथिलीन वायू सुटतो आणि पाला पिवळा पडतो. दोनदा कळवलं, ढिम्म फरक नाही. मध्ये एक पुठ्ठा घातला तरी निदान अंगाला अंग लागणार नाही. दुसरी तक्रार गंभीर आहे. माल कमी पडला तेव्हा शेजारच्या शेतातले कांदे पेटीत आले आणि चिठ्ठीत त्याबद्दल अक्षर नाही. विचारल्यावर कबूल केलं. शेजाऱ्याचा माल घ्या, त्यालाही चार पैसे मिळतील, पण कुणाचा आणि कसा पिकवलेला ते लिहा. मधले हात टाळून थेट घेण्यात ग्राहकाला जास्तीचं मिळतं ते हेच, आणि तेच लपवलं तर दुकान काय वाईट?

पुढच्या हंगामाची वर्गणी भरली आहे, पण अर्ध्या हिश्श्याची. पूर्ण पेटी चार माणसांच्या घराला पुरून उरते, आणि आमच्याकडे खाणारी दोनच.