सिल्व्हानर की रीसलिंग?

दोन्ही जर्मन वाइन, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांच्या. एक जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातल्या झोमराख गावच्या संस्थेची सिल्व्हानर. ही संस्था 1901 सालची. दुसरी मोझेल नदीकाठच्या बर्नकास्टेल-कूसमधल्या मोझेललँड संस्थेची काबिनेट, म्हणजे हलक्या वर्गातली, रीसलिंग.

फरक बाटलीपासूनच. सिल्व्हानर येते चपट्या, पोटाड्या ‘बॉक्सबॉयटेल’मध्ये, जी फ्रिजच्या दारात काही केल्या बसत नाही! रीसलिंगची बाटली उंच, सडपातळ.

सिल्व्हानर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. नाकाला फारसं काही जाणवत नाही, थोडं हिरवं सफरचंद, थोडा ओल्या गवताचा वास. पण घोट गिळल्यावर शिंपल्यांच्या चुनखडीतली ती खारट-मातकट चव जिभेवर रेंगाळते. तिकडे वसंतात पांढऱ्या अ‍ॅस्परॅगससोबत हीच घेतात, आणि ते बरोबरच आहे. कारण ती जेवणावर कुरघोडी करत नाही.

रीसलिंग पाटीच्या दगडाच्या उतारांवरची. गोडसर, लिंबासारखी आंबट, अल्कोहोल बहुधा 8-9 टक्केच. पहिल्या घोटालाच आवडते. कोळंबीच्या तिखट कालवणासोबत मी हीच उघडेन, गोडव्याने तिखट निवतं. नुसतं प्यायला मात्र दुसऱ्या ग्लासानंतर मला ती जड जाते, तिथे सिल्व्हानरच.