कंबर धरली तर आधी एमआरआय की आधी फिजिओ?

आमच्याकडे कोणाच्या कमरेत उसण भरली की दुसऱ्याच दिवशी एमआरआय काढायची घाई होते, आईच्या वेळी आम्हीही तेच केलं. रिपोर्टमध्ये "डिस्क बल्ज" (म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली) वाचलं आणि ती इतकी घाबरली की वाकायचंच सोडलं, त्यामुळे कंबर अजूनच आखडली. नंतर कळलं की काहीही दुखत नसलेल्या माणसांचे स्कॅन काढले तरी विशीतल्या साधारण ३७% लोकांत डिस्कची झीज दिसते आणि ऐंशीच्या घरात ९६%, म्हणजे केस पिकतात तसंच हे बरचसं.

फिजिओकडे फोटो नाही मिळत पण ते हात लावून बघतात, चालायला वाकायला लावतात, व्यायाम शिकवतात. साधी कंबरदुखी किंवा मान आखडणं बहुतेकदा काही आठवड्यांत कमी होतं, फक्त झोपून राहू नका, जमेल तेवढं चालत राहा. फिजिओला वेळ लागतो, रोज करावं लागतं, हे मान्य. तरी माझं मत आधी फिजिओच.

पण पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, प्लीज. पडून मार लागल्यावर दुखणं, सोबत ताप, उगाच वजन घटणं, आधी कॅन्सर झालेला असणं, यातही लगेच डॉक्टरांना दाखवा, तिथे स्कॅन लागू शकतो. मान दुखतेय आणि हाताची पकड ढिली झालीय, तरीही तेच.