मधूनच हँग होणारा जुना डेस्कटॉप: दोष शोधायच्या साधनांचा काही महिन्यांचा अनुभव

चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच८१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर-३ रॅमच्या ४ जीबीच्या दोन स्टिक, विंडोजसाठी साटा एसएसडी, डेटासाठी ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). २०१३-१४च्या सुमारास असेंबल केलेली अशी मशिनं घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत, अकाउंटंटच्या ऑफिसांत अजून राबतायत. तक्रारही ठरलेली: मधूनच हँग होतं, कधी होईल नेम नाही, आणि दुरुस्तीवाल्यासमोर ठेवलं की शहाण्यासारखं चालतं. अशा मशिनवर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो, तापमान-व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो, मशिनवर मुद्दाम ताण टाकणारं ओसीसीटी, डिस्कशिवाय थेट चालणारा लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह आणि साधा डिजिटल मल्टीमीटर एवढा संच काही महिने वापरून काय हाती लागतं, ते इथे देतोय. मल्टीमीटर सोडला तर घरगुती वापरासाठी सगळं फुकट आहे. निकाल आधीच सांगतो: ही साधनं दोष असल्याचं सांगतात तेव्हा, पुढे दिलेले एकदोन अपवाद सोडले तर, डोळे झाकून विश्वास ठेवा, पण ‘पास’ म्हणाली तर अर्धाच ठेवा.

साधनाला हात लावण्याआधी मशीन नेमकं कसं हँग होतं ते बघा. निम्मं निदान तिथेच होतं. माउसचा बाण फिरतो, पण क्लिक केलेलं उघडत नाही आणि मिनिटभराने सगळं एकदम उघडतं, तर डिस्क किंवा तिची केबल. बाणही थिजलाय, कॅप्स लॉकचा दिवा दाबून बदलत नाही आणि स्पीकरमधून एकच सूर घरघरत राहतो, तर प्रोसेसर, रॅम, बोर्ड किंवा वीजपुरवठा. पडदा थिजलाय पण गाणं पुढे चालू आहे, तर ग्राफिक्स. तिथे विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कित्येकदा पडदा परत येतो. शंका असेल तर दुसऱ्या मशिनवरून किंवा मोबाइलवरून पिंग करा, म्हणजे नेटवर्कवरून त्याला हाक मारा. उत्तर आलं म्हणजे आतली यंत्रणा जिवंत आहे.

एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात मोलाचा: हँग कामाच्या भरात होतं की मशीन नुसतं बसलेलं असताना? त्याकडे पुढे येतो.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे त्याची घडामोडींची नोंदवही, हे सगळ्यात दुर्लक्षित साधन. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद बघून लोक एसएमपीएस बदलतात, ते चूक आहे. ४१चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नाही. हँग झाल्यावर तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी तीच नोंद पडते. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्याचा क्रमांक) शून्य असेल तर निळा पडदा न येताच सगळं थांबलं, इतकंच कळतं. खरी माहिती ४१च्या आधीच्या काही मिनिटांत असते. ‘स्टोरएएचसीआय १२९’ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून जोडणी रीसेट करावी लागली. ‘डिस्क १५३’ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं, ‘डिस्क ७’ म्हणजे खराब ब्लॉक. ‘व्हिया-लॉगर’च्या नोंदी हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या चुका असतात, त्या कधीही सोडू नका. ४१च्या आधी काहीच नसेल तर तीही माहितीच आहे: लिहायलाही वेळ मिळाला नाही, इतकं ते अचानक झालं.

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं की निळ्या रंगात ‘गुड’ दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. ते बघू नका. ‘फंक्शन’ मेनूतल्या ‘अॅडव्हान्स्ड फीचर’मध्ये ‘रॉ व्हॅल्यूज’ दशमान करा आणि चार ओळी वाचा. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयाची वाट पाहणारे, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले, सी७ म्हणजे केबलवरून येताना बिघडलेला डेटा. हार्ड डिस्कच्या सी५मध्ये शून्याऐवजी काहीही असेल तर मधूनमधून थबकण्याचं कारण बहुधा सापडलं. घरगुती हार्ड डिस्क खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि तोवर विंडोज ताटकळतं. आधी डेटा दुसरीकडे घ्या, मग बाकीचे प्रयोग करा. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, साटा केबल बदला. हा आकडा नवी केबल लावल्यावरही शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. काही कंपन्यांच्या हार्ड डिस्कमध्ये ०१ आणि ०७ या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात. ते त्यांच्या मोजणीच्या पद्धतीमुळे येतात, घाबरू नका.

एसएसडी हँग होण्याचं कारण कधीकधी तिच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये असतं. जुनं, प्रसिद्ध उदाहरण क्रूशियल एम४चं: ५१८४ तास चालल्यावर ती उत्तर द्यायची थांबे, बंद-चालू केल्यावर तासाभराने पुन्हा तेच. जानेवारी २०१२मध्ये आलेल्या ०३०९ या फर्मवेअरने ते थांबलं. ‘स्मार्ट’च्या, म्हणजे क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवतं त्या आकड्यांवरून असला दोष दिसत नाही, म्हणून जुन्या एसएसडीचं फर्मवेअर एकदा तपासून घ्यावं. दुसरं कारण म्हणजे वीज वाचवायला साटाची जोडणी झोपवली जाते आणि काही जुन्या एसएसडी झोपेतून वेळेत उठत नाहीत. १२९च्या नोंदी येत असतील, सी७ शून्य असेल, तर पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर टाकून पाहा.

मेमटेस्ट८६+ची सहावी आवृत्ती २०२२मध्ये आली. तेव्हापासून ते जुना बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) आणि त्याच्या जागी आलेला यूईएफआय, दोन्हींवर चालतं. ५.०१ घेऊन बसू नका. पासमार्कचं मेमटेस्ट८६ वेगळं. तेही चांगलं आहे, पण फुकट आवृत्ती चार फेऱ्यांवर थांबते. ८ जीबीला एक फेरी तासाभराच्या आसपास लागते. एक फेरी पास झाली म्हणून रॅम चांगली म्हणू नका, रात्रभर चालू ठेवा. उलट एकच लाल ओळ आली तरी निकाल लागला, ‘एवढी एक चूक चालते’ असं काही नसतं. पडद्यावरच्या पत्त्यावरून दोषी स्टिक ओळखायचा प्रयत्न मात्र करू नका. दोन स्टिक ड्युअल चॅनेलमध्ये असल्या की पत्ते दोघींत वाटलेले असतात. एक स्टिक एका स्लॉटमध्ये, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक. अशा चार जोड्या पाहिल्या की दोष स्टिकचा आहे की स्लॉटचा, ते उघड होतं.

चूक आली तरी स्टिक लगेच फेकू नका. कोकणातल्या दमट हवेत किंवा पावसाळाभर बंद खोलीत पडून असलेल्या मशीनमध्ये सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर बसतो. वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, स्टिक काढून मऊ पांढऱ्या खोडरबरने पट्ट्या एकाच दिशेने हलक्या घासा, चुरा ब्रशने झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. स्लॉटमध्येही ब्रश मारा. त्यानंतरही चूक येते तर बायोसमध्ये रॅमचा वेग १६००वरून १३३३ करा. चूक गेली तर स्टिक काठावर आहे; दुसरी मिळेपर्यंत तशी चालवता येईल, पण महत्त्वाचं काम त्यावर नको.

उष्णतेला लोक वाजवीपेक्षा जास्त दोष देतात. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसची आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणखी तापला तर मशीन बंद पडतं. जागच्या जागी थिजणं हे उष्णतेचं लक्षण क्वचितच. तरी एचडब्ल्यूइन्फो लावून नोंद फाइलमध्ये चालू ठेवाच. हँगच्या आधीच्या ओळीत ५५ अंश दिसले तरी एक संशयित कटला. ताणाखाली काही सेकंदांतच ९५च्या पुढे उडी गेली तर पंखा बोर्डावर बसवणाऱ्या चार पिनांपैकी एखादी सुटलेली असते, नाहीतर प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी वाळलेली असते. एचडब्ल्यूइन्फोने दाखवलेल्या व्होल्टेजवर मात्र भिस्त ठेवू नका. बोर्डावरची चिप कुठली तार कुठल्या पायावर मोजते, हे सॉफ्टवेअरला प्रत्येक बोर्डाबाबत ठाऊक नसतं. १२ व्होल्टच्या जागी आठ दिसतात आणि मशीन बिनघोर चालू असतं.

म्हणून मल्टीमीटर. डीसी २० व्होल्टवर ठेवा, हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनी मोलेक्स प्लगमध्ये काळी सळई काळ्या तारेच्या पिनेत, लाल सळई पिवळ्यात. दोन सळया एकमेकींना लागू देऊ नका. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ची. दोन्हींना पाच टक्के सवलत आहे: ११.४० ते १२.६० आणि ४.७५ ते ५.२५. आधी मशीन नुसतं बसलेलं असताना वाचा, मग ओसीसीटीची पॉवर चाचणी लावून वाचा, आणि वीसेक मिनिटांनी एसएमपीएस तापल्यावर पुन्हा. १२.१वरून ११.९ झालं तर काही हरकत नाही. ११.५वर येऊन तापण्यासोबत आणखी उतरत असेल तर मर्यादेत असला तरी तो जायच्या वाटेवर आहे. मीटर सरासरी दाखवतो. आतले कपॅसिटर सुकल्याने डीसीवर जी लहर उमटते ती त्याला दिसत नाही, तिला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणजे मीटरवर पास झालेला एसएमपीएसही दोषी निघू शकतो. तो उघडून बघायच्या फंदात पडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. बोर्डावरचे कपॅसिटर मात्र जरूर बघा. डोकं सपाट हवं, फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेलं नको.

आता तो राहिलेला प्रश्न. ओसीसीटी तासभर चालतं, मेमटेस्ट रात्रभर पास होतं, आणि जेवून येईपर्यंत नुसतं बसलेलं मशीन गोठलेलं असतं. ताण देणाऱ्या सगळ्या चाचण्या इथे निरुपयोगी, कारण दोष ताण नसतानाचा आहे. २०१३मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या हॅसवेल प्रोसेसरमध्ये सी६ आणि सी७ या खोल झोपेच्या अवस्था आहेत (डिस्कच्या सी६-सी७ ओळींशी यांचा संबंध नाही). त्यांत १२ व्होल्टच्या प्रोसेसर तारेवरचा भार ०.०५ अँपिअरइतका खाली जाऊ शकतो. त्याआधीच्या रचनेचे एसएमपीएस ०.५ अँपिअरचा किमान भार धरून बनवलेले. इतक्या कमी भारावर त्यांतल्या काहींचं व्होल्टेज ताळ्यावर राहत नाही. मग मशीन कधी बंद पडतं, कधी थिजतं. तपासणी फुकट आहे: बायोसमध्ये सी६/सी७ बंद करा. हँग थांबलं तर चांगला एसएमपीएस लावून त्या अवस्था पुन्हा चालू करा. तरीही ठीक चालतं, तर निदान पक्कं.

हे करण्याआधी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. नवा ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो, २.७च्या खाली असेल तर काढाच. सेल संपल्याने मशीन हँग होत नाही, पण रात्री मेन स्विच बंद केला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, बंद केलेलं सी६ गुपचूप परत चालू होतं आणि सगळा प्रयोग वाया जातो.

नवा एसएमपीएस घेताना खोक्यावरच्या ४५० वॅटकडे बघू नका, १२ व्होल्टपुढचे अँपिअर बघा. १४ अँपिअर लिहिलेत तर १६८ वॅट झाले. ८४ वॅटच्या या प्रोसेसरला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, तेवढेही पुरतात. प्रश्न दर्जाचा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन घेताना सी६/सी७शी जुळतो असं कंपनीने लिहिलेलं आहे का, ते तपासा.

लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सगळ्यात शेवटी, पण निकाल सगळ्यात स्वच्छ. दोन्ही डिस्कच्या केबली काढा, पेनड्राइव्हवरून चालू करा, टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ ही आज्ञा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नव्या ओळी दाखवत राहील असं उघडं ठेवा आणि नेहमीचं काम करा. डिस्क नसताना, विंडोज नसतानाही हँग झालं तर दोघेही सुटले. थिजलेल्या पडद्यावर शेवटच्या ओळी तशाच असतात, मोबाइलवर फोटो काढून घ्या. अपवाद एक: जे१९०० जातीच्या इंटेल बे ट्रेल प्रोसेसरवर लिनक्स स्वतःच सी-स्टेटमुळे (याच झोपेच्या अवस्थांमुळे) गोठायचं, त्यामुळे तिथे हा पुरावा कच्चा.

प्रत्येक बदल एकेकटा करा, आणि मग थांबा. हँग सरासरी आठवड्याने होत असेल तर एक आठवडा नीट गेल्यावर काहीच सिद्ध होत नाही. निव्वळ योगायोगाने तसं होण्याची शक्यता तीनात एकापेक्षा जास्त असते. तीन आठवडे नीट गेले तर ती विसात एकावर येते. या संचाला महिने लागतात ते यामुळेच. दुरुस्तीच्या दुकानात दोन दिवसांत याचं उत्तर मिळत नाही, ते त्या माणसाच्या हातात नसतं.

संचात न मावणारी एकच गोष्ट: बोर्डावरचा सोल्डरचा सुटलेला टाका. कॅबिनेटला धक्का लागला, थंड सकाळी पहिल्यांदा चालू केलं, किंवा मागच्या बाजूचा स्क्रू आवळला की लक्षण बदलतं, पण रॅम, एसएमपीएस, डिस्क, केबल सगळं बदलून झालंय. अशा वेळी सगळा बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर मांडून, एक स्टिक आणि अंगभूत ग्राफिक्स एवढ्यावर चालवून बघा. कॅबिनेटचा एखादा उभार बोर्डाला चुकीच्या जागी टेकत असेल तर इथे कळतं. पुठ्ठ्यावरही हँग झालं तर बोर्ड बदला, आणि जुना बोर्ड घेताना कपॅसिटर व सॉकेटच्या पिना उजेडात तिरक्या धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.