मकरपुऱ्यात बनवून घेतलेला प्लंजर, चार महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हा कंपनीचा माल नाहीये. सॅम्पल झटक्यात गोठवणाऱ्या विट्रोबॉटसारख्या ऑटोमॅटिक मशीनचं कोटेशन आलं तेव्हा सर ते वाचून नुसतेच हसले आणि कागद ड्रॉवरमध्ये गेला, म्हणून मग बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका लेथवाल्या काकांकडून हाताने चालवायचा प्लंजर, म्हणजे सॅम्पल अतिथंड द्रवात झटकन बुडवायचा स्टँड, करून घेतला. साडेआठ हजार पडले, पितळी वाटी धरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये प्रोटीन बघायचं तर ते पाण्यासकट गोठवावं लागतं, कारण आत व्हॅक्यूम असतो आणि ओलं सॅम्पल तिथे टिकत नाही. पण साधं गोठवलं की बर्फाचे खडे होतात, दूध नीट न आटवलेल्या कुल्फीत होतात तसे, आणि मग प्रोटीनचीही वाट लागते आणि फोटोचीही. म्हणून इतक्या झटक्यात गोठवायचं की पाण्याला खडा धरायला वेळच मिळू नये, काचेसारखं थिजलं पाहिजे. हे डुबोशे आणि मॅकडॉवल यांनी १९८१ मध्ये करून दाखवलं, आणि डुबोशेंना २०१७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, फ्रँक आणि हेंडरसनबरोबर. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग मी फार स्वस्तात लावलं की गं बेटा."

तर वस्तू अशी आहे. जाड लोखंडी पाया, उभा दीड फुटी रॉड, रॉडच्या खाली चिमटा अडकवायची जागा आणि वर एक खटका. चिमट्यात तीन मिलिमीटरची ग्रिड, म्हणजे भोकाभोकाची कार्बन फिल्म लावलेली तांब्याची चकती, तिच्यावर तीन मायक्रोलिटर सॅम्पल, जास्तीचं पाणी फिल्टर पेपरने टिपायचं आणि खटका ओढायचा, की रॉड स्वतःच्या वजनाने सरळ लिक्विड इथेनमध्ये. सरळ नायट्रोजनमध्येच का नाही, हे काकांनीही विचारलं होतं. नायट्रोजन आधीच उणे १९६ ला उकळत असतो, त्यात गरम वस्तू पडली की तिच्याभोवती वाफेचं कवच तयार होतं (तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचतात ना, तोच प्रकार) आणि गोठणं मंदावतं. इथेन उणे १८३ ते उणे ८९ पर्यंत लिक्विड राहतं त्यामुळे ते उकळत नाही, उष्णता खेचून घेतं. म्हणून बाहेर थर्माकोलच्या डब्यात थंडाव्यापुरता नायट्रोजन आणि मधे पितळी वाटीत इथेन.

वाटीला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क! जाड पितळ, तळ एकदम सपाट, थंडावा धरून ठेवते. इथेन फार थंड झालं तर कडेने पांढरं घट्ट व्हायला लागतं, मग साधा धातूचा दांडा बुडवून ते सैल करायचं, हे आता सवयीचं झालंय. आणि हो, इथेन पेट घेतं, त्यामुळे खोलीत बर्नर नाही, खिडकी उघडी, गॉगल घालून. नायट्रोजनसुद्धा बंद खोलीत नाही, एका लिटरचा जवळजवळ सातशे लिटर गॅस होतो आणि ऑक्सिजन बाजूला सारतो.

आता तक्रारी. पहिल्या महिन्यात एकही ग्रिड धड आली नाही आणि मी सॅम्पललाच शिव्या देत बसले. शेवटी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तेव्हा कळलं की रॉड स्टॉपरवर आपटून उसळी मारतोय, ग्रिड इथेनमध्ये जाते आणि क्षणभर बाहेर डोकावून परत आत, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात नाही, वाफेत! काकांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी दहा मिनिटांत सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून घातला, विषय संपला, पैसेही घेतले नाहीत. पण हे आधी सुचायला हवं होतं, त्यांना नाही तर मला तरी. दुसरं म्हणजे रॉड साध्या लोखंडाचा आहे, पावसाळ्यात गंज धरला, आता तेल पुसून ठेवते. तुम्ही करून घेणार असाल तर सरळ स्टेनलेस सांगा, थोडे जास्त जातील.

बडोद्याच्या हवेचं काय सांगू. मे महिन्यात पेपर बाजूला केल्यापासून खटका ओढेपर्यंतच पाणी उडायचं, आणि पाणी उडालं की बफरमधलं (प्रोटीन ज्या द्रावणात ठेवतात त्यातलं) मीठ दाट होतं. चांगल्या मशीनमध्ये चार डिग्री आणि जवळजवळ शंभर टक्के दमटपणाची बंद पेटी असते, इथे उघडा कारभार. जुलैत वाटलं आता बरं होईल, तर तीच ओल नायट्रोजनमध्ये भुरभुर बर्फ होऊन तरंगायला लागली आणि ग्रिडवर चिकटली. आता एसी दोन तास आधी लावते, चिमटा दरवेळी हेअर ड्रायरने कोरडा करते, नायट्रोजन गढूळ दिसला की फेकून नवा घेते, आणि वाटीकडे तोंड करून बोलत नाही (हे शिकायला वेळ लागला).

निकाल असा की अपोफेरिटिन नावाचं प्रोटीन टेस्टला घेतलं, बारा ग्रिड ड्राय शिपरमध्ये (नायट्रोजनचा थंडावा धरून ठेवणाऱ्या डब्यात) घालून मायक्रोस्कोप आहे तिथे पाठवल्या, त्यातल्या चारमध्ये बर्फ खरंच पातळ आणि स्वच्छ आला, गोल गोल कण सुटे दिसले. बाकी आठचा दोष प्लंजरचा नाही, माझ्या हाताचा, कारण एकदा तीन सेकंद टिपलं जातं एकदा पाच, आणि त्यावरच बर्फाची जाडी ठरते. रोज शंभर ग्रिड करायच्या असतील तर याच्या नादी लागू नका. शिकायला आणि सॅम्पल गोठवण्यालायक आहे का बघायला मात्र झकास.

एकच राहिलंय. एका हातात पेपर आणि दुसऱ्याने खटका ओढायचा यात सगळा स्टँड हलतो, म्हणून पायाने दाबायचं पेडल हवंय. काकांना फोन केला होता, म्हणाले गणपती होऊ दे, मग ये.