दोन गाईंच्या गोठ्यासाठी 2 एचपी कडबाकुट्टी: घ्यावी का, कोणती घ्यावी

नोकरी संपवून गावाकडे दोन गाई घेऊन राहायला आलेली मंडळी पहिला महिना कोयत्याने कडबा तोडतात. दुसऱ्या महिन्यात कंबर बोलायला लागते आणि कडबाकुट्टीची चौकशी सुरू होते. दुकानदार हमखास 3 एचपीची दाखवतो. एवढ्या गोठ्याला 2 एचपी, सिंगल फेज पुष्कळ झाली. मोठ्या संकरित गाईला दिवसाला साधारण 20-25 किलो हिरवा आणि 5-6 किलो सुका चारा लागतो. दोघींची कुट्टी अर्ध्या तासाच्या आत उरकते, वीज एका युनिटच्या आसपास जाते. शेतीपंपाची थ्री फेज लाईन ठरलेल्या तासांनाच येते, म्हणून मशीन घरच्या मीटरवर चालणारं हवं.

घेताना आधी तोंड बघा, रंग नंतर. स्वस्त मशीनला चारा ओढणारे रोलर नसतात; पेंढी हातानेच रेटावी लागते आणि हात पात्यापर्यंत जातो. तसलं मशीन फुकट मिळालं तरी नको. रोलर, पुढे-मागे करायचा गिअर आणि चारा ठेवायची लांब पत्र्याची पन्हळ असलेलंच घ्या. चारा अडकला की दांडा मागे ओढायचा, गठ्ठा आपोआप बाहेर येतो. चाळणी बसवून भरडाही काढणारं ‘थ्री इन वन’ मॉडेल दिसायला सोयीचं, पण चाळणीतून गेलेल्या कडब्याचा भुगा होतो. गाय रवंथ कमी करते, दुधाची फॅट उतरते. तुकडा अर्धा ते एक इंचाचा बरा.

बहुतेक तक्रारी मशीनच्या नसून वायरच्या असतात. गोठा मीटरपासून लांब, त्यात घरातली उरलेली बारीक वायर ओढलेली. मग मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही आणि वाइंडिंग जळतं. 30 मीटरपर्यंत 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर, त्यापुढे 4 ची. अर्थिंग वेगळं करा, गोठ्याची जमीन कायम ओली असते. मोटर नेहमी रिकामी सुरू करा, चाकाने वेग घेतला की चारा घाला. व्होल्टेज ठीक असूनही गुणगुणली तर आधी कपॅसिटर (मोटर उचलायला मदत करणारा छोटा डबा) बदलून बघा.

तुकडे चिंबून, धागे लोंबत पडायला लागले की पातं बोथट झालं किंवा पातं आणि ज्यावर चारा कापला जातो ती स्थिर पट्टी यांच्यात फट वाढली. पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट ठेवा. धार उताराच्याच बाजूने लावायची, सपाट बाजू घासली की पातं कामातून गेलं. पेंढीला बांधलेली तार आधी काढा. एका तारेने पात्याला खाचा पडतात.

बटण बंद केल्यावरही चाक बराच वेळ फिरतं. बोटं जातात ती याच वेळी, अडकलेला चारा काढताना. चाकात घालायची खीळ मशीनसोबत येत नसेल तर लोहाराकडून करून घ्या. सुट्टीत नातवंडं येणार असतील तर स्विच खांद्याच्या उंचीवर.

कोवळ्या ज्वारीत विष असतं, कुट्टी करून घातली तरी ते जात नाही; फुलोऱ्याआधी कापूच नका.

कडबाकुट्टीला महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर) अनुदान आहे, पण जमीन आपल्या नावावर आणि फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढलेला हवा. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही, म्हणून पत्र हातात पडेपर्यंत दुकानात आगाऊ पैसेही देऊ नका.